'साभार परत' : हैदराबादच्या एका वैद्यकीय प्रकाशनसंस्थेच्या निमित्ताने

नियतकालिकांचा इतिहास लिहिताना आपण संपादकांची चरित्रे लिहितो, अंकांच्या सूची करतो, कोणत्या लेखकाचे पहिले लेखन कोणत्या मासिकात आले याची नोंद ठेवतो. परंतु नियतकालिकाने जे छापले नाही त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. तो लिहिणे अवघडही आहे. कारण परत पाठविलेल्या हस्तलिखितांची दप्तरे कोणी जपून ठेवत नाही. तरीही नियतकालिकाची प्रतिष्ठा बव्हंशी या न छापलेल्या मजकुरावर उभी असते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. 'साभार परत' हे दोन शब्द मराठी लेखकांच्या कितीतरी पिढ्यांनी कडू तोंडाने वाचले; परंतु ज्या मासिकाकडून ते येत त्याच मासिकात आपले नाव छापून यावे, अशी त्यांची धडपड असे.

हैदराबादेतील एका वैद्यकीय प्रकाशनसंस्थेच्या कार्याचा विचार येथे करावयाचा आहे तो या दृष्टीने. हा विषय साहित्यसंस्थेच्या पत्रिकेचा नव्हे, असा आक्षेप येण्याचा संभव आहे. या संस्थेने छापलेल्या लेखांतील वैद्यकाचा निवाडा येथे करावयाचा नाही. तो प्रस्तुत लेखकाचा अधिकारही नव्हे. परंतु प्रकाशन म्हणजे काय आणि संपादन कशाला म्हणावे, हा प्रश्न वैद्यकाचा जितका तितकाच आपलाही आहे. महाविद्यालयांतील मराठीच्या अध्यापकांना तर तो आज पदोन्नतीच्या अर्जापर्यंत येऊन भिडला आहे.

ही संस्था ओमिक्स या नावाने ओळखली जाते. आंध्र विद्यापीठाचे पदवीधर डॉ. श्रीनुबाबू गेडेला यांनी २००७ साली ती स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी तिचे पहिले नियतकालिक निघाले. संशोधक विद्यार्थी असताना महागडी विदेशी नियतकालिके जवळपास वाचावयास मिळत नसत, त्यासाठी दूरच्या ग्रंथालयांकडे खेपा घालाव्या लागत, ही प्रेरणा संस्थापकांनी वेळोवेळी सांगितली आहे. ती खोटी मानण्याचे कारण नाही. ज्याने जिल्ह्याच्या ठिकाणी राहून संशोधन केले आहे त्याला हे दुःख ठाऊक असते. विलायतेतील एका वैद्यकीय पत्रिकेची वार्षिक वर्गणी आपल्या एखाद्या महाविद्यालयाच्या साऱ्या ग्रंथखरेदीला भारी पडावी, अशी स्थिती कित्येक वर्षे होती. करदात्यांच्या पैशावर संशोधन व्हावे, संशोधकांनी लेख फुकट द्यावेत, परीक्षकांनी ते फुकट तपासावेत आणि मग तेच लेख वाचण्यासाठी ग्रंथालयांनी पुन्हा पैसे मोजावेत, या व्यवहाराविरुद्ध जगभर जी चळवळ उभी राहिली तिला मुक्त प्रवेशाची चळवळ म्हणतात. ओमिक्सने आपल्या पाटीवर हेच नाव लिहिले. वाचकाने काही द्यावयाचे नाही. लेख प्रसिद्ध करण्याचा खर्च लेखकाने द्यावयाचा.

येथे थोडे थांबून या जमाखर्चाकडे पाहिले पाहिजे. जे मासिक वर्गणीदारांवर चालते त्याला निकृष्ट लेख छापणे परवडत नाही. वर्गणीदार कंटाळतो आणि पुढच्या वर्षी वर्गणी पाठवीत नाही. जे लेखकाच्या शुल्कावर चालते त्याला लेख परत करणे परवडत नाही. प्रत्येक नकार म्हणजे गेलेले शुल्क. मुक्त प्रवेशाची शेकडो प्रामाणिक नियतकालिके हा मोह ओळखून आहेत, आणि विद्वत्संस्थांच्या आधाराने किंवा स्वतःच्या शिस्तीने त्याला आवर घालतात. जेथे हा आवर नसतो तेथे संपादकाची खुर्ची हळूहळू गल्ल्यावरच्या माणसाकडे जाते. दहा वर्षांच्या आत ओमिक्स आपल्या सातशेहून अधिक नियतकालिकांचा उल्लेख करू लागली. देशोदेशी शास्त्रीय परिषदा भरवू लागली. २०१६ साली तिने कॅनडातील पल्सस ही जुनी वैद्यकीय प्रकाशनसंस्था विकत घेतली, आणि आपली पत्रिका आता कोणाच्या हाती गेली हे कळताच तेथील काही वैद्यकसंस्थांनी तिच्याशी असलेला संबंध तोडला. सातशे नियतकालिके म्हणजे सातशे संपादक, निदान दोन-तीन हजार जाणते परीक्षक आणि त्यांच्याशी अखंड पत्रव्यवहार. आपल्यापैकी ज्यांनी एक त्रैमासिक चालविले आहे त्यांनी हा आकडा क्षणभर मनात धरून पाहावा.

हैदराबादला वैद्यकीय लेखन आणि प्रकाशन काही नवे नव्हते. १८४६ साली तेथे जी वैद्यकशाळा निघाली तिचे शिक्षण उर्दूतून होत असे; डॉ. मॅक्लीन हे तिचे पहिले प्रमुख. त्यांच्यामागून आलेल्या डॉ. जॉर्ज स्मिथ यांनी १८५५ साली 'रिसाला तबाबत' हे उर्दू वैद्यकीय नियतकालिक सुरू केले. मराठीत 'विविधज्ञानविस्तार' निघावयास अद्याप बारा वर्षे होती. पुढे उस्मानिया विद्यापीठाच्या भाषांतरविभागाने वैद्यकाची परिभाषा उर्दूत घडविण्याचे जे प्रचंड काम केले ते, त्याचे भवितव्य काहीही झाले असले तरी, देशी भाषांच्या अभ्यासकांनी आदराने पाहावे असे आहे. स्वातंत्र्यानंतर उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. डी. व्ही. सुब्बा रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली वैद्यकाच्या इतिहासाचा विभाग सुरू झाला. त्याची पत्रिका साठीच्या दशकात निघाली व नावे बदलत पुढे अनेक दशके चालली. बाहेरच्या जगाला तिची फारशी खबर नव्हती. परंतु जुनी हस्तलिखिते आणि ताम्रपट वाचणाऱ्यांना तिचा उपयोग झाला.

या सर्वांहून आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने बोलका असा जो प्रसंग आहे तो क्लोरोफॉर्म-आयोगाचा. रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक व वैद्यकशाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांचे असे ठाम मत होते, की क्लोरोफॉर्मने रोगी दगावतो तो श्वसन बंद पडल्यामुळे, हृदय थांबल्यामुळे नव्हे; तेव्हा भूल देणाऱ्याने नाडीकडे न पाहता श्वासाकडे पाहावे. एडिंबरोचे शल्यवैद्य सायम हे त्यांचे गुरू, आणि हे मत गुरूंकडून आलेले. १८८८ साली निजाम सरकारच्या आश्रयाने लॉरींनी कुत्र्यांवर प्रयोग करविले आणि आपले मत सिद्ध झाल्याचे जाहीर केले. लंडनच्या 'लॅन्सेट' या पत्राला ते पटले नाही. तेव्हा निजाम सरकारने काय केले? सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सरकारने 'लॅन्सेट'ला एक हजार पौंड देऊ केले आणि कळविले, की आपल्या विश्वासातला तज्ज्ञ येथे पाठवा, त्याच्या देखत प्रयोग पुन्हा होऊ द्या. त्याप्रमाणे १८८९ साली सर लॉडर ब्रंटन यांना 'लॅन्सेट'ने पाठविले. हे गृहस्थ लॉरींच्या मताचे नव्हते. भुलेत हृदयाला धोका असतो असे मानणाऱ्यांपैकी ते होते. हैदराबादेत चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले, त्यांची कोष्टके झाली, आणि ब्रंटन यांनी लॉरींचे म्हणणे मान्य केले. १८९० साली 'लॅन्सेट'ने तो अहवाल क्रमशः छापला.

गोष्ट येथे संपत नाही. अहवाल छापून आला म्हणून कोणी गप्प बसले नाही. केंब्रिजच्या गॅस्केल व शोअर यांनी १८९३ साली आपल्या प्रयोगांच्या आधारे त्यावर हल्ला चढविला. वाद वर्षानुवर्षे चालला. आणि १९११ साली लेव्ही यांनी दाखवून दिले, की हलक्या मात्रेतही क्लोरोफॉर्म हृदयाच्या कप्प्यांत विस्कळीत कंप उत्पन्न करून माणसाला अचानक मारू शकतो. लॉरी चुकले होते. ब्रंटनही चुकले होते. ज्या रोग्यांच्या नाडीवर या काळात कोणी बोट ठेवले नाही त्यांचा हिशेब कोणी मांडलेला नाही. तरीही हैदराबादच्या त्या आयोगाचे नाव भूलशास्त्राच्या इतिहासात आदराने घेतले जाते. कारण त्याचे काम तपासता येईल अशा रीतीने मांडलेले होते, आणि म्हणूनच ते खोडता आले. निजामाने हजार पौंड मोजले ते लेख छापून आणण्यासाठी नव्हते. आपल्या पदरच्या वैद्याच्या म्हणण्यावर अविश्वास असणाऱ्या माणसाला बोलावून आणण्यासाठी होते.

दुसरा प्रसंग प्रसिद्धच आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादजवळ बेगमपेठ येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरभित्तीत हिवतापाच्या परजीवीच्या पेशी दिसल्या. त्यांचा लेख त्याच वर्षी १८ डिसेंबरच्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्याचे शीर्षक पाहण्याजोगे आहे : हिवतापाच्या रक्तावर पोसलेल्या दोन डासांत आढळलेल्या काही विशिष्ट रंजकयुक्त पेशींविषयी, एवढेच ते म्हणते. ज्या शोधासाठी पुढे १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले त्या शोधाचे पहिले शीर्षक 'दोन डास' आणि 'काही पेशी' यांच्या पलीकडे जात नाही. शिवाय लेखासोबत स्मिथ नावाच्या लष्करी शल्यवैद्याचे टिपण छापलेले होते : नमुने मीही पाहिले. लंडनमध्ये मॅन्सन आदी तज्ज्ञांनी ते नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याचीही नोंद होती. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले गेले आहे, ही ग्वाही लेखाचाच भाग होती. आज ज्याला तज्ज्ञपरीक्षण म्हणतात त्याचे नियम तेव्हा बनलेले नव्हते. त्यामागची वृत्ती मात्र होती.

याच शहरातून एकविसाव्या शतकात जगभरच्या प्राध्यापकांना जी पत्रे जाऊ लागली त्यांच्याकडे आता वळू. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारातील फसवणुकीला आळा घालणाऱ्या सरकारी संस्थेने, ओमिक्स, तिच्या दोन सहसंस्था आणि तिचे संस्थापक यांच्याविरुद्ध नेवाडाच्या संघराज्य न्यायालयात दावा लावला. आरोप थोडक्यात असे : लेखांचे कसोशीने परीक्षण होते हे सांगणे खोटे, ज्यांची नावे संपादकमंडळांत छापली त्यांपैकी अनेकांची संमती घेतलेली नाही, लेख स्वीकारल्यानंतर शेकडो किंवा हजारो डॉलरांचे शुल्क अकस्मात पुढे केले जाते, लेखकाने लेख परत मागितला तर तो देत नाहीत, आणि त्यामुळे तो इतरत्र छापणेही अशक्य होते, परिषदांच्या जाहिरातींत न येणाऱ्या विद्वानांची नावे घातली जातात. संस्थेने हे सारे नाकारले. २९ मार्च २०१९ रोजी न्यायाधीश ग्लोरिया नवारो यांनी पूर्ण खटला चालविण्याची गरज नाही असे ठरवून आयोगाच्या बाजूने निकाल दिला आणि ५,०१,३०,८१० डॉलर भरण्याचा हुकूम केला. २०२० साली अपील-न्यायालयाने तो कायम केला. निकालातील एक आकडा येथे पुरेसा आहे. संस्थेने स्वतः सादर केलेल्या यादीत सुमारे ६९,००० प्रकाशित लेख होते. त्यांपैकी ४९ टक्क्यांच्या बाबतीतच कोणत्या ना कोणत्या परीक्षणाची नोंद सापडली. उरलेले लेख, म्हणजे पस्तीस हजारांच्या आसपास, कोणी वाचले होते काय, हे सांगावयास कागद नव्हता. वैद्यकात याचा अर्थ कवितेतल्यासारखा सौम्य नसतो. न वाचता छापलेली कविता फार तर वाचकाची दहा मिनिटे घेते. न तपासता छापलेला औषधाचा प्रयोग एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचू शकतो.

या संस्थेच्या शैलीविषयी दोन शब्द लिहिणे साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येते. रॉस यांच्या शीर्षकातील संकोच आठवावा, आणि मग 'ग्लोबल', 'वर्ल्ड', 'इंटरनॅशनल', 'अॅडव्हान्सेस' या शब्दांनी भरलेल्या नियतकालिकांच्या नावांची रांग पाहावी. ज्याचे नाव जितके व्यापक त्याचा वाचक तितका अनिश्चित, असा काहीसा नियमच दिसतो. नावांच्या सारखेपणाचा तर असा उपयोग केला गेला, की एका संयोगचिन्हाने काम भागावे. २०१३ साली अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञांच्या मान्यवर संस्थेचे अधिवेशन 'एन्टोमॉलॉजी २०१३' या नावाने भरावयाचे होते. ओमिक्सची परिषद होती 'एन्टोमॉलॉजी-२०१३'. त्या आडव्या रेघेवर कितीतरी शास्त्रज्ञ घसरले. विरामचिन्हांचे महत्त्व विद्यार्थ्यांना पटवून देताना आपल्याला इतके चांगले उदाहरण क्वचितच मिळते. २०१६ साली न्यूझीलंडमधील प्राध्यापक ख्रिस्तोफ बार्टनेक यांना अणुभौतिकीच्या अशाच एका परिषदेचे निमंत्रण आले. तो त्यांचा विषय नव्हे. त्यांनी दूरध्वनियंत्रावर वाक्याची सुरुवात केली आणि पुढचे शब्द यंत्र सुचवील ते घेत गेले. निबंधाचा तो निरर्थक सारांश तीन तासांत स्वीकारला गेला. आपल्याकडील काही चर्चासत्रांचे निबंध आठवून वाचकाला हसू आले तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु ते हसू फार वेळ टिकणारे नाही.

टीका करणाऱ्यांशी संस्था कशी वागली तेही नोंदवावे. कोलोरॅडो विद्यापीठाचे ग्रंथपाल जेफ्री बील यांनी अशा प्रकाशकांची यादी चालविली होती. २०१३ साली ओमिक्सच्या वकिलांनी त्यांना शंभर कोटी डॉलरच्या दाव्याची आणि तुरुंगवासाची धमकी दिली. आधार कोणता, तर आपल्या माहिती-तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ कलम. जे पुढे २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द केले. 'लॅन्सेट'ने शंका घेतली तेव्हा निजाम सरकारने दिलेल्या उत्तराशेजारी हे उत्तर ठेवून पाहावे.

बील यांनी या प्रकाशकांना दिलेले नाव मराठीत कोणी 'भक्षक', कोणी 'शिकारी' असे करतात. प्रस्तुत लेखकाला हा शब्द अपुरा वाटतो. शिकारी म्हटले की समोर सावज आले, आणि सावज निरपराध असते. नवखे, दूरदेशीचे, खरोखर फसलेले लेखक येथे आहेतच; न्यायालयासमोर तक्रारी आल्या त्या त्यांच्याच. परंतु इतक्या मोठ्या व्यापाराला केवळ फसलेली गिऱ्हाइके पुरत नाहीत. वस्तू काय आहे हे जाणून ती घेणारे गिऱ्हाईकही असावे लागते. ज्याला लेख वाचला जावा असे वाटत नाही, फक्त छापला गेला असे सिद्ध व्हावे असे वाटते, त्याला परीक्षण न करणारा प्रकाशक फसवीत नाही, सेवा देतो. 'भक्षक' या शब्दाने ही संमती झाकली जाते.

दुसऱ्या बाजूनेही न्याय केला पाहिजे. हैदराबादचे नाव घेऊन पाश्चात्त्य वृत्तपत्रांतून जे लिहिले गेले त्यात कोठे कोठे असा सूर लागला, की जणू अप्रामाणिक प्रकाशन ही भारतात पिकणारी वस्तू आहे. एल्सेव्हिअर या थोर डच प्रकाशनगृहाच्या ऑस्ट्रेलियातील शाखेने २००० ते २००५ या काळात वैद्यकीय नियतकालिकांच्या वेषात औषधकंपन्यांच्या जाहिराती छापल्या. त्यांतील एक हाडे व सांधे यांच्या विकारांचे म्हणविणारे पत्र मर्क कंपनीच्या पैशावर निघत होते, हे २००९ साली उघड झाले. खुद्द 'लॅन्सेट'ने १९९८ साली वेकफील्ड यांचा लसीकरण आणि स्वमग्नता यांची सांगड सुचविणारा लेख परीक्षण करून छापला आणि तो मागे घ्यावयास २०१० साल उजाडले. बारा वर्षांत त्या लेखाने किती मातापित्यांना लसीपासून दूर नेले! तज्ज्ञपरीक्षण ही चाळणी आहे, तिला भोके असतातच. पण 'लॅन्सेट'चा लेख मागे घेता आला, आणि मागे घेतल्याचे जगाला कळले; कारण त्या पत्राच्या शब्दावर कोणाचा तरी विश्वास होता. ज्या प्रकाशकाकडून स्वतः लेखकालाही आपला लेख परत मिळत नाही त्याच्या बाबतीत मागे घेण्याला काय अर्थ उरतो?

वर्गणीवाचून आणि लेखकाच्या पैशावाचून वैद्यकीय नियतकालिक चालत नाही, असे समजण्याचेही कारण नाही. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि के. ई. एम. रुग्णालयाच्या अध्यापकसंघाने १९५५ साली 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' सुरू केले. अध्यापकांनी अध्यापकांसाठी काढलेले हे त्रैमासिक. डॉ. डी. के. साहू यांनी १९९७ साली मुंबईत मेडनो ही प्रकाशनसंस्था स्थापन केली, तिच्या उभारणीत या त्रैमासिकाचा अनुभव कामी आला. पत्रिका वैद्यकसंस्थांच्या मालकीच्या, संपादन त्यांचे. मेडनोने छपाई, वितरण आणि जालावरील प्रसार सांभाळावयाचा. लेखकाकडून शुल्क नाही, जालावर वाचणाऱ्याकडूनही नाही; छापील अंकाची वर्गणी आणि जाहिराती यांवर खर्च भागवावयाचा. साहूंनी ही कल्पना देशोदेशीच्या संपादकांपुढे आग्रहाने मांडली. २०११ साली मेडनो वोल्टर्स क्लूव्हर या विदेशी कंपनीने घेतली आणि तिचे पुढचे प्रकरण निराळे आहे. परंतु मुंबई आणि हैदराबाद येथे दहा वर्षांच्या अंतराने, एकाच तक्रारीतून, दोन इतक्या भिन्न संस्था निघाव्यात, यावरून एवढे तरी दिसते, की दोष तंत्राचा नव्हता आणि दारिद्र्याचाही नव्हता. मेडनोच्या पत्रिकांमागे कोणती ना कोणती विद्वत्संस्था उभी होती. तिच्या सभासदांच्या तोंडाला संपादकाला रोज सामोरे जावे लागे.

आता आपल्या घरी येऊ. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या निवडीसाठी आणि बढतीसाठी गुणांकपद्धती लागू केली. लेखाला गुण; परंतु लेख आंतरराष्ट्रीय मानक अनुक्रमांक असलेल्या पत्रिकेत हवा. हा क्रमांक म्हणजे नियतकालिकाच्या घराचा नंबर. घरात कोण राहते हे तो सांगत नाही. आपल्याकडे तो गुणवत्तेचा शिक्का समजला गेला. २०१७ साली आयोगाने मान्य पत्रिकांची यादी जाहीर केली; मे २०१८ मध्ये तीतून ४,३०५ पत्रिका वगळाव्या लागल्या. त्याच सुमारास सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांचे सहकारी यांनी विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत शिरलेल्या १,००९ पत्रिका तपासल्या. सुमारे ८८ टक्के निकृष्ट ठरल्या. कोणाचा पत्ता नव्हता, कोणाचे संपादक नव्हते, कोणाचा क्रमांक खोटा होता. शिफारस करणारी विद्यापीठे होती हे विसरता कामा नये. मग 'केअर' नावाची नवी यादी पुण्यातूनच चालली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर केले. पत्रिकेची पारख आता महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी स्वतः करावयाची आहे.

या काळात मराठीच्या अध्यापकांनी काय पाहिले हे येथे वेगळे सांगावयास नको. चर्चासत्र झाले की निबंधांचा जाडजूड विशेषांक, प्रत्येकी ठराविक रक्कम, मुखपृष्ठावर क्रमांक. चारशे पानांत एकही निबंध परत गेलेला नाही. ज्या भाषेतील मासिके लेखकाला, ते कितीही तुटपुंजे असो, मानधन पाठवीत, त्या भाषेत लेखक छपाईचा खर्च पाठवू लागला. ओमिक्स हे या रीतीचे मोठे दुकान. छोटी दुकाने गावोगाव निघाली आणि त्यांचे गिऱ्हाईक आपल्यातलेच होते. ज्याचे उपजीविकेचे साधन गुणांकावर टांगलेले आहे त्या तासिका तत्त्वावरील तरुण अध्यापकाला याबद्दल एकट्याला जाब विचारणे अन्यायाचे होईल. जाब विचारावयाचा तर त्याच्या मुलाखतीला बसणाऱ्यांना विचारावा. त्यांनी लेख मोजले, वाचले नाहीत.

नकार देणाऱ्या नियतकालिकाविषयी मराठीत राग असणे स्वाभाविक आहे, आणि तो नेहमी चुकीचा असतो असे नाही. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या 'सत्यकथे'ने लेखकांना पानेच्या पाने पत्रे लिहिली, कथा पुन्हा लिहावयास लावल्या, कित्येक परत पाठविल्या. त्या अभिरुचीची चौकट अरुंद आहे, दलितांचे आणि बंडखोरांचे लेखन तीत मावत नाही, अशी तक्रार होती. राजा ढाले यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' लिहिली आणि १९६९ साली मौजेच्या दारात 'सत्यकथे'च्या अंकाची होळी झाली. ही तक्रार पुष्कळ अंशी खरी होती. पण होळी करणाऱ्यांनी त्यानंतर पैसे भरून कोठेही छापून घेतले नाही. त्यांनी स्वतःची अनियतकालिके काढली, आणि त्यांतही संपादक होते, निवड होती, भांडणे होती. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली. तिचा नकार आणि तिच्यावरचा राग या दोन्ही गोष्टी लेखन वाचले जात होते याची खूण होत्या. ज्या पत्रिकेवर कोणी रागावत नाही तिची होळी करावयास काडीचाही खर्च कोणी करणार नाही.

यादी नाहीशी झाल्यामुळे आज साहित्यसंस्थांच्या पत्रिकांवर एक जबाबदारी येऊन पडली आहे, आणि तिच्यापासून ही पत्रिकाही सुटलेली नाही. विदेशी नियतकालिके वाचावयास मिळावीत यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांकरिता सुमारे ६,००० कोटी रुपयांची एकत्रित वर्गणीची योजना मंजूर केली. संशोधक विद्यार्थ्याची जी अडचण ओमिक्सच्या जन्माला निमित्त झाली ती सरकारी संस्थांपुरती तरी यामुळे हलकी होईल. मराठीतील लेखनाची पारख मात्र अशा योजनेत येत नाही. ती मराठी पत्रिकांनीच केली पाहिजे. त्यासाठी मोठ्या समित्या नेमण्याची आवश्यकता नाही. लेख कोणत्या तारखेस आला, किती जणांनी वाचला, दुरुस्तीसाठी परत गेला होता काय, एवढे लेखाखाली छापावे. परीक्षकांची नावे लेखागणिक देणे गैरसोयीचे असेल, तर वर्षाच्या शेवटी त्यांची एकत्र यादी द्यावी. ती नावे खरी आहेत की नाहीत हे आपल्या एवढ्याशा वाङ्मयीन जगात लगेच कळते. आणि वार्षिक अहवालात, जमाखर्चाच्या पानाशेजारी, वर्षभरात आलेल्या लेखांची संख्या आणि 'साभार परत' गेलेल्या लेखांची संख्या असे दोन आकडे द्यावेत. त्याला पानाचा चतुर्थांशही लागणार नाही.